पालथ्या कपाची जागा

मी बोलतेय ती कोपऱ्यातल्या टेबलाची खुर्ची. दोरीच्या पलीकडूनच ऐका. अलीकडे यायला मनाई आहे.

आम्ही एकाच लाकडाच्या बहिणी, एकाच हातगाडीवरून या कॉफीहाउसात नांदायला आलो. माझा मागचा पाय जरा आखूड निघाला, म्हणून मला कोपऱ्यात दिली. नव्या घरात आधी खोड दिसते, गुण सवडीने.

तेव्हा इथे माणसं कॉफीपेक्षा भांडायला जास्त यायची. एका कपावर दुपार काढायची. जगातली सगळी सरकारं या टेबलांवर पडली. समोरची खिडकी उघडायला मात्र कुणी उठायचं नाही.

इथली एक रीत होती. मधेच बाहेर जाऊन यायचं असेल, तर आपला कप बशीत पालथा घालायचा. म्हणजे जागा धरलीय, मी येतोय. मग त्या जागी कुणी बसायचं नाही, आणि कॉफीहाउसचा मालकसुद्धा तो कप उचलायचा नाही.

माझ्यावर बसायचे ते प्रूफकाका. छापखान्याची प्रूफं इथेच तपासायचे. बायको गेल्यापासून घरी फक्त झोपायला जात. माझ्या आखूड पायाखाली त्यांनीच रद्दी प्रूफांची घडी सरकवली आणि म्हणाले, "कुणाची तरी कादंबरी आहे खाली. नीट उभी राहा." माझ्याशी बोलणारे तेवढे एकच.

हळूहळू त्यांच्या टेबलावरचे मित्र संपले. कॉफीहाउस ओस पडलं. जुन्या मालकांचा मुलगा, आता तोच मालक, गल्ल्यावर बसून जांभया द्यायचा. काकांना अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा एका दुपारी त्यांनी कप पालथा घातला. "डोळ्यांचं ऑपरेशन करून येतो. जागा सांभाळ रे."

त्याने सांभाळली. जरा जास्तच सांभाळली.

त्याच सुमारास शहरातली जुनी कॉफीहाउसं पायी हिंडून दाखवणारी एक मुलगी आपला गट घेऊन आली. ओळखीसाठी मिटलेली छत्री उंच धरलेली. पालथा कप बघून तिने विचारलं, हे काय? मालकाने रीत सांगितली. कप कुणाचा ते सांगणार, एवढ्यात लोक कॉफी मागायला लागले आणि तो आत धावला. उरलेलं तिने आपल्या मनाने भरलं.

"इथे एक लेखक रोज बसायचे. एक दिवस कप पालथा घालून गेले, ते परत आलेच नाहीत."

लोक हळहळले. फोटो काढले. अर्धी कॉफी टाकून पुढच्या कॉफीहाउसकडे गेले. पुढच्या आठवड्यात आणखी आले. मालकाला खरं सांगता आलं असतं, पण किती तरी दिवसांनी दुकान भरलं होतं. कुणी कप हलवू नये म्हणून त्याच्या बायकोने पडद्याची जाड दोरी आणली आणि टेबलासकट मला वेढून टाकलं.

मग काका आले. काळा चष्मा, बगलेत प्रूफं. दोरीशी थबकले. मालक मान खाली घालून पुढे आला. "काका, आजच्या दिवस तिकडे बसता? हा गट गेला की सोडतो."

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिथूनच त्यांनी स्वतःची गोष्ट ऐकली. 'लेखक' म्हटल्यावर गालात हसले. 'परत आलेच नाहीत' म्हटल्यावर हसू गेलं.

"आलाय तो," ते पुटपुटले.

"काही म्हणालात, आजोबा?"

"नाही गं. सांग तू. छान सांगतेस."

दोरी त्या दिवशी सुटली नाही आणि नंतरही नाही. मालक रोज उद्यावर ढकलायचा. काका दारातल्या वाऱ्यात, मांडीवर कागद घेऊन बसत राहिले. जाताना एकदा माझ्याकडे बघायचे. मग यायचे बंद झाले. थंडीत गेले, असं छापखान्यातून कळलं.

त्या दिवशी मालक माझ्यापाशी आला. दोरीच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात काचेबाहेर ती छत्री दिसली. तो परत फिरला आणि कप विसळायला लागला.

ती मुलगी अजून तीच गोष्ट सांगते. फरक एवढाच की आता ती खरी आहे.

तुम्ही तरी हळहळू नका. दोरी ओलांडा, तो कप सरळ करा, गरम कॉफी मागवा आणि टेकून बसा. खालची कादंबरी झिजलीय, मी जरा डुगडुगेन. सांभाळून घ्या.