तीसपैकी तेवीस

"आता महिने उलटे म्हण. डिसेंबरपासून."

"मिस व्हर्नेल, तुमच्या आवाजानं रडकं पोरसुद्धा झोपेल." टेबलावर पाय सोडून बसलेल्या डेमेट्रिकने मान मोडली आणि सुरुवात केली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. सप्टेंबर गाळून तो थेट ऑगस्टवर आला.

व्हर्नेल गालातल्या गालात हसली. तिने कागदावर फुली मारली. संघाची ट्रेनर म्हणून चार वर्षं ती रोज त्याचे घोटे पट्टीने बांधत आली होती, त्याची सगळी सोंगं तिला पाठ होती.

डेमेट्रिक अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर होता, बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. समोरच्यांचा डाव ओळखून उरलेल्या दहा जणांना कुठे उभं राहायचं ते ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मिसिसिपीत कुणी नव्हता. गेल्या शनिवारी त्याचं डोकं आपटलं होतं. येत्या शनिवारी मोठ्या संघांची माणसं खास त्याला बघायला येणार होती.

स्मरणाची ही तीस गुणांची परीक्षा सगळे खेळाडू हंगामाआधी, ऑगस्टमध्ये देत; डोक्याला मार बसला की तीच पुन्हा घेऊन गुण ताडून बघत. त्यातले बेरकी मुद्दाम चुकत, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तरी गुण घसरलेले दिसत नाहीत. ही चलाखी सगळ्यांना ठाऊक होती आणि व्हर्नेलही काणाडोळा करत असे.

तिने बेरीज केली.

"तेवीस! अगदी ऑगस्टइतके. मोजूनमापून चुकतोस रे, डँबिसा!"

डेमेट्रिक हसला नाही.

"नीट बघा ना."

"बघितलं. का रे?"

"आज एकही मुद्दाम नाही चुकलो. म्हटलं, एकदा तुम्हाला तीस करून दाखवू."

व्हर्नेलने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. बेरीज बरोबर होती.

कोच स्टॅलवर्थनी दारातून डोकं आत घातलं.

"किती?"

"तेवीस."

"झालं तर मग! कर सही, शनिवारी खेळू दे त्याला."

तिने पेन खाली ठेवलं. "ऑगस्टचे तेवीस खोटे होते, कोच. मला तेव्हाच माहीत होतं."

"काहीतरीच काय!" कोच डेमेट्रिककडे वळले. "अरे, सांग हिला, ठणठणीत आहेस म्हणून."

डेमेट्रिकने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं.

"कोच, गेल्या शनिवारी शेवटी शेवटी मी काय ओरडत होतो, मलाच ठाऊक नाही. पोरांनी सांभाळून घेतलं."

व्हर्नेलला रडू आवरेना.

बाहेर सरावाची शिट्टी झाली. सवयीने डेमेट्रिक टेबलावरून उतरला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.