बासष्ट जपानी गाणी

चेतन खातूला जपानी भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बासष्ट जपानी गाणी त्याला पाठ होती. त्याच्या जन्माच्या आसपास तिकडच्या शहरांत गाजलेली ही गाणी. सिटी पॉप म्हणतात त्यांना. खालून संथ चालणारा बेस, मधूनच येणारा सॅक्सोफोन, आणि मागच्या सीटवर बसून काचेबाहेर बघत स्वतःशीच गावं तसा एखाद्या बाईचा आवाज. रात्री गाडी चालवताना ऐकायची गाणी, असं इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, आणि चेतन ते अगदी नेमाने पाळत होता. रोज सव्वादहाला तो सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समधून गाडी काढायचा. अथालचा पूल, नरोली, पुढे भिलाडच्या फाट्यापर्यंत, आणि परत. दोन्ही बाजूंना कारखान्यांचे दिवे, शिफ्टच्या बसगाड्या, शटर ओढून घेणारी दारूची दुकानं. सव्वा तासाने तो घरी यायचा तेव्हा त्याची बायको मृणाल झोपलेली असायची.

चेतन मूळचा गुहागरकडचा, भूमापन खात्यात नोकरीला. मृणाल ठाण्याची, इथल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांचा तिसरा प्रयत्नही फसला, त्या रात्री चेतनला घरात बसवेना. तो किल्ली घेऊन निघाला आणि मोबाइलने आपण होऊनच एक गाणं लावलं. गाडी चालवता चालवता रडता येतं, हे त्याला त्या रात्री कळलं. तेव्हापासूनची ही फेरी. एक एक करून त्याने बासष्ट गाणी जमवली, कशामागे काय यावं हे महिनोन्‌महिने ठरवलं आणि एका पेनड्राइव्हवर भरली.

मृणालला त्याने एकदाच बरोबर नेलं होतं. अथालच्या पुलावर तिने विचारलं होतं, ही बाई काय म्हणतेय? चेतन म्हणाला, ते कळायची गरज नसते. त्यानंतर ती पुन्हा कधी आली नाही. खरं सांगायचं तर चेतनला तेव्हा बरंच वाटलं होतं.

गेल्या जूनमध्ये मृणाल म्हणाली की नरोलीला तिने एक कोर्स लावलाय, मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेआठ ते दहा. तुझा तोच रस्ता, येताना मला घेशील का? चेतन म्हणाला, दहाला मला अडकवू नकोस, सव्वादहाला मी निघतो. मग ती जाताना शटल रिक्षाने जाऊ लागली आणि येताना तिला कुणी ना कुणी सोडू लागलं. कोर्स कसला, हे चेतनने विचारलं नाही. शिक्षकांच्या मागे काही ना काही प्रशिक्षण लागलेलंच असतं, असं तो धरून चालला.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी तो जरा लवकर निघाला आणि नरोलीच्या चौकात चहाला थांबला. एक जुनी पांढरी गाडी येऊन ट्रकमागे अडकली. तिच्या काचा खाली होत्या आणि आतून जे गाणं येत होतं ते ऐकून चेतनचा कप हातातच राहिला. इथे, नरोलीत, आणखी कुणीतरी हे ऐकतं? चार वर्षांत असा एक तरी माणूस भेटावा असं त्याला कितीदा वाटलं होतं. तो उठून दोन पावलं पुढेही झाला. तेवढ्यात गाणं एका शब्दावर अडखळलं, तोच शब्द दोनदा आला आणि गाणं पुढे सरकलं. चेतन जागच्या जागी थांबला. हे अडखळणं त्या गाण्यात नव्हतंच. त्याने ते उतरवून घेताना झालेली ती चूक होती, आणि ती फक्त त्याच्या पेनड्राइव्हवर होती.

मग त्याला पुढच्या सीटवर मृणाल दिसली. खिडकीवर कोपर टेकून ती गात होती. नुसती गुणगुणत असती तर गोष्ट वेगळी. ती शब्दन्‌शब्द म्हणत होती, ठसठशीत. चालवणारा माणूस तिच्याकडे वळून काहीतरी बोलला आणि ती हसली, मान मागे टाकून. असं तिला हसताना चेतनने कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. ट्रक हलला आणि गाडी निघून गेली.

त्या दोघांना त्याने हातात हात घातलेलं पाहिलं असतं तर काय बोलायचं हे त्याला कळलं असतं. पण आपली गाणी, आपण लावलेल्या क्रमाने, दुसऱ्याच्या गाडीत वाजली, याची तक्रार कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत करायची? तो भिलाडच्या फाट्याच्याही पुढे गेला आणि साडेबाराला घरी आला. मृणाल वह्या तपासत जागी होती. तुला कोण सोडतं, असं त्याने शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, अरविंद सर, कोर्सवाले, ते इथेच पिपरियाला राहतात. आणि तिने पुढची वही ओढली.

सकाळी ती आंघोळीला गेल्यावर चेतनने तिची पर्स उघडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आत एक दोनशे पानी वही होती. डाव्या बाजूला चौकटीत बसवलेली अनोळखी अक्षरं, उजव्या बाजूला तिच्या वळणदार हस्ताक्षरात मराठी. ती जपानी शिकत होती. त्या माणसाबद्दल जे वाटलं होतं त्याहून हे जास्त लागलं. जिथे आपल्याखेरीज कुणी येत नाही असं तो समजत होता, तिथे ती मागच्या दाराने शिरली होती आणि त्याच्याही पुढे निघून गेली होती.

पुढचे दिवस त्याने लाज वाटावी असे काढले. तिचा फोन वाजला की तो कान द्यायचा. ती नवी ओढणी घेऊन निघाली की त्याचं जेवण थांबायचं. पेनड्राइव्ह त्याने गाडीतून काढून ऑफिसच्या खणात कुलपात ठेवला. मंगळवारी चौकात उभा राहिला तर पांढऱ्या गाडीत तीच गाणी चालू होती, मृणालने ती केव्हाच उतरवून घेतली असणार, आणि त्याची स्वतःची गाडी मात्र मुकी.

शुक्रवारी मृणालला शाळेत संध्याकाळी उशिराची पालकसभा होती, ती क्लासला उशिरा पोचणार होती. तो माणूस आहे तरी कसा हे बघायला चेतन एकटाच नरोलीला गेला. हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर क्लास भरत होता. पंधराएक मुलंमुली, बहुतेक आसपासच्या सूत कारखान्यांत कामाला, आठची शिफ्ट सुटल्यावर तशीच आलेली. शिकून जपानला जायचं, तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी धरायची, असा त्यांचा बेत. अरविंद सर पन्नाशीचे, नंदुरबारकडचे. पिकलेले केस, ढगळ शर्ट, आवाज मात्र असा की ऐकत राहावंसं वाटावं. चेतनला तो आवाज आवडला, आणि आवडला म्हणून जास्तच राग आला. नाव विचारल्यावर त्याने मंगेश असं सांगितलं. का शिकायचंय, याचं उत्तर मात्र त्याच्याकडून खरं गेलं. तो म्हणाला, गाण्यांसाठी.

अरविंद सर खुलले. "आमच्याकडे एक मॅडम आहेत, त्यांनीच आम्हाला हा नाद लावला. मी तिकडे नऊ वर्षं राहिलो, रात्री डिलिव्हरीची व्हॅन चालवायचो. पण व्हॅनमधी गाणी लावायचो आपली अहिराणी. ही गाणी मला इकडे नरोलीत येऊन मालूम पडली."

चेतन ऐकत राहिला. ज्या रस्त्यांची तो चार वर्षं नुसती कल्पना करत होता, त्या रस्त्यांवर हा माणूस नऊ वर्षं रात्री गाडी चालवत होता, आणि त्याला त्याचं काही अप्रूपही नव्हतं. त्याला राहवेना. ही गाणी मी फार वर्षांपासून ऐकतो, एकेक पाठ आहे, असं तो वर्गासमोर बोलून गेला. सरांनी कौतुकाने एक गाणं लावलं आणि त्यालाच म्हणाले, सांगा यात काय आहे.

चेतनला ते गाणं आरपार माहीत होतं. त्याने सांगितलं की एक बाई आपल्या माणसाबरोबर गाडीतून निघालीय. कुरुमानोतो नावाच्या गावाला. समुद्राकाठचं असणार. शहर मागे पडतंय आणि ती सारखी त्या गावाचं नाव घेतेय. बोलताना त्याचा आवाज नकळत मऊ झाला होता.

मंजुषा नावाची एक मुलगी खुदकन हसली, आणि मग बाकावरून बाकावर हसू पसरलं. अरविंद सरांनी हात वर केला, पण ते काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"कुरुमा म्हणजे गाडी. ओतो म्हणजे आवाज. कुरुमा नो ओतो, गाडीचा आवाज."

मृणाल दारात उभी होती. खांद्यावर पर्स, केस विस्कटलेले. वर्गात चूक दुरुस्त करायची सवय, तशी ती बोलून गेली होती, आणि कुणाची चूक हे तिला बोलल्यावर दिसलं.

"पूर्ण सांगा ना, मॅडम," सर म्हणाले.

ती चेतनकडे न बघता म्हणाली, "ती गाडीत नाहीये. ती खोलीत आहे, अंथरुणात. तो खाली गाडी चालू करतो, आणि तो आवाज लांब जाईपर्यंत ती ऐकत राहते."

सरांनी ओळख करून दिली, हे मंगेश सर, नवीन आलेत. मृणालने त्याच्याकडे पाहिलं. "नमस्कार, मंगेश सर," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. पुढचा तासभर चेतन खाली मान घालून वहीवर रेघा ओढत राहिला. क्लास सुटल्यावर सर किल्ली काढू लागले तशी ती त्यांना म्हणाली की आज मला हे सोडतील, हे माझे मिस्टर आहेत, आणि यांचं नाव चेतन आहे. अरविंद सर काय समजायचं ते समजले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि जिना उतरून गेले.

गाडीत गाणं नव्हतं. पूल लागल्यावर चेतनने विचारलं, गेल्या शुक्रवारी मी चौकात होतो, तेव्हा गाडीत तो काय म्हणाला होता, ज्याला तू एवढी हसलीस?

मृणालला आठवायला वेळ लागला नाही. "ते म्हणाले, ही गाणी ज्याने अशी ओळीने लावलीत तो माणूस फार एकटा असला पाहिजे. मी म्हटलं, नाही हो सर, त्याला चांगली बायको आहे."

चेतनने गाडी कडेला घेतली. अरविंदचा मला राग येतो, असं तो म्हणाला, आणि मग खरं तेही म्हणाला, की अरविंदपेक्षा तुझा येतो. ती गाणी माझी होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मूल माझंही गेलं होतं, चेतन. तू दर रात्री त्या बायकांकडे जायचास आणि मी खिडकीशी बसून राहायचे. एखादी खरी बाई असती तर मी येऊन भांडले असते. त्या काय सांगतात तुला, जे मला सांगता येत नाही, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. म्हणून गेले मी. मग भाषाच आवडायला लागली, तो माझा दोष नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

ती रडली नाही, आणि त्यानेही तिचा हात धरला नाही. मग त्याने गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी त्याने अरविंद सरांना फोन करून माफी मागितली. त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला तो नरोलीत हजर राहू लागला. येताना मृणाल त्याला गाण्यांचे अर्थ सांगायची. काही अर्थांनी तो हेलावला, काहींनी खट्टू झाला. ज्या एका गाण्यावर तो दोन वर्षं रडत आला होता ते पोहण्याच्या तलावाबद्दल आणि बर्फाच्या गोळ्याबद्दल निघालं. मृणाल गाडीत मोकळेपणी गायची. चेतनने मात्र गाणं बंद केलं, कारण आपले शब्द चुकीचे आहेत हे आता त्याला माहीत होतं. तिचा हेवा वाटणं थांबलं नाही. त्या हेव्याशेजारी गाडी चालवायची त्याला सवय झाली, इतकंच.

डिसेंबरात मृणाल मुंबईला जाऊन पहिली परीक्षा देऊन आली आणि पास झाली. नव्या मुलांची तुकडी सरांनी तिच्यावर सोपवली. एका मंगळवारी चेतन लवकर पोचला आणि खाली काचा चढवून बसला. वरून मृणालचा आवाज आला, आणि तिच्यामागे पंधरा जणांचा. ती एक शब्द म्हणायची, ते म्हणायचे. काचेतून अर्थ सोडाच, शब्दही लागत नव्हते. त्या पंधरा जणांतल्या एकालाही तो ओळखत नव्हता, आणि त्या सगळ्यांचा त्याला हेवा वाटला.

त्याने गाडी बंद केली, जिना चढला आणि शेवटच्या बाकावर एका झोपाळलेल्या कामगाराशेजारी जाऊन बसला. मृणालने त्याला पाहिलं. शिकवणं न थांबवता तिने खडूने फळ्यावरच्या शब्दावर टकटक केलं. वर्गाने शब्द म्हटला. चेतननेही म्हटला, आणि तो चुकला. तिने वर्गाला तो पुन्हा म्हणायला सांगितलं, सगळ्यांना, आणि बघत राहिली त्याच्याकडे.