दार उघडल्याचा रकाना

लेखनिकाच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. निरोप आला तेव्हा तो नगरपालिकेच्या आरोग्य समितीत इतिवृत्त लिहीत बसला होता. शिपाई कानाशी वाकून म्हणाला, "दोन्ही मुली. सगळं ठीक आहे." लेखनिकाचं पेन थांबलं, आणि नेमकं त्याच वेळी समितीच्या अध्यक्षांचं बोटही अहवालाच्या चौथ्या पानावर थांबलं.

"भाऊ, हे शंभर टक्के म्हणजे शंभरातले शंभर ना?"

"हो, मावशी."

"माझ्या लग्नाला बोलावलेल्या शंभरातले शंभर आले नव्हते. सख्खा मामा रुसून घरी बसला होता. आणि आपल्या नर्सबाया वर्षभर आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जातात, तर एक भेट चुकत नाही?"

त्यांना सगळेच मावशी म्हणत. नगरसेविका होण्याआधी बावीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात फरशा पुसल्या, रोग्यांची भांडी उचलली. दवाखान्यात अशा बायकांना मावशीच म्हणतात. पुढे हुद्दा बदलला, हाक तीच राहिली. अक्षरं त्या चाळिशीनंतर शिकल्या होत्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत. अधिकारी पाठीमागे त्यांना 'बोटवाल्या बाई' म्हणत. बाकीचे सदस्य चहा येईपर्यंत पानं उलटून सही करून मोकळे होत. मावशी अहवाल घरी नेत, तीन-तीन दिवस ठेवून घेत, आणि परत येताना असे साधे प्रश्न आणत की उत्तर देणाऱ्याला घाम फुटावा.

आरोग्य अधिकारी हसत म्हणाले, "मावशी, काम चांगलं झालं तरी तुम्हाला शंका! अभिनंदनाचा ठराव करा की."

"करते ना. जाऊन बघून आले की लगेच करते. लिहा भाऊ, विषय पुढच्या बैठकीला." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शिपाई काय सांगत होता?"

"लेकीला जुळं झालं."

"आणि तुम्ही इथे काय बसलात? उठा! मी लिहिते पुढचं, दोनच ओळी आहेत. सोमवारी मात्र या. आपल्याला फिरायचंय."

सोमवारी एका नर्सबरोबर दोघं निघाले. तिच्या यादीत बावीस घरं होती. तिसऱ्या घरी दोन जिने चढून तिने घंटा वाजवली आणि घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली. दार उघडलं नाही. तिने पिशवीतून 'आम्ही येऊन गेलो' अशी छापील चिठ्ठी काढली, फटीतून आत सारली, नोंदवहीत खूण केली आणि म्हणाली, "चला."

"कोण राहतं इथे?"

"आजोबा आहेत एकटे. शिंपी होते. मधुमेहाची जखम आहे पायाला. पण हल्ली आलं की घरी नसतातच."

"पायाला जखम, आणि माणूस फिरायला जातो?"

"मावशी, माझी अजून एकोणीस घरं राहिलीत." पोरगी रडकुंडीला आली होती. "दोन मिनिटांचा नियम मी नाही केला."

"तू जा गं. मी जरा दम खाते."

मावशी पायरीवर बसल्या. लेखनिक कठड्याला टेकून उभा राहिला. चार मिनिटांनी आत काहीतरी घासत आल्यासारखा आवाज झाला. मग थांबला. मग पुन्हा. आठव्या मिनिटाला कडी निघाली.

दारात वॉकर धरून एक म्हातारा उभा होता. त्याला धाप लागली होती, आणि रागाने तोंड लाल झालं होतं.

"आज थांबलात? की चिठ्ठी टाकायची राहिली?" त्याने खाली पाहिलं. "नाही, टाकलीय. झकास!"

"आजोबा, मी नर्स नाही."

"ते दिसतंय. एवढी म्हातारी नर्स कोण ठेवील?"

मावशी खळखळून हसल्या. "चला, डोळे तरी शाबूत आहेत तुमचे."

आजोबांना वाकता येत नव्हतं. कापड मोजायच्या लांब पट्टीच्या टोकाला टाचणी लावून ते चिठ्ठ्या उचलत. शिलाई मशीनवर सहा चिठ्ठ्या नीट एकावर एक ठेवल्या होत्या. आजची सातवी.

"पलंगापासून दारापर्यंत सव्वीस पावलं आहेत," ते म्हणाले. "मी 'आलो, आलो' ओरडत येतो. पण आवाज दाराबाहेर जायला हवा ना! मी कडीला हात लावतो आणि खाली गाडी सुरू झालेली ऐकू येते."

सात चिठ्ठ्या म्हणजे सात आठवडे. मावशींचं लक्ष आता त्यांच्या बोलण्यात नव्हतं. बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सडत्या जखमेचा वास सांगावा लागत नाही. त्यांनी पायाची पट्टी सोडलीसुद्धा नाही.

"भाऊ, गाडी बोलवा. आत्ता."

त्या संध्याकाळी आजोबांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आणखी आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यातून गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रिया चालू असताना लेखनिक बाहेर बाकावर बसला होता. फाइलमधला नोंदवहीचा कोरा कागद त्याने सहज काढून पाहिला. रकाना होता, 'भेट दिली'. तीन वर्षांपूर्वी त्या जागी दोन रकाने होते, एक 'दार उघडले' आणि दुसरा 'चिठ्ठी टाकली'. नवा नमुना एका पानात बसवायचा हुकूम आला होता आणि शेवटचा रकाना काही केल्या पानात मावत नव्हता. तेव्हा त्यानेच त्या दोन्हींचा मिळून एक केला. पान कसं सुबक बसलं! साहेबांनी शाबासकीही दिली होती. त्या दिवसापासून बंद दारापुढे टाकलेली प्रत्येक चिठ्ठी भेट म्हणून मोजली जात होती.

घरी लेकीजवळ बायको एका नातीला घेऊन बसली होती, दुसरी त्याच्या मांडीवर होती. त्याने सगळं सांगितलं.

"पाच महिने राहिलेत निवृत्तीला," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "आता चौकशी लावून घेताय? तोंडाला कुलूप लावा. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम नाही केलं."

"मग झालं तर!"

मांडीवरच्या नातीचे पाय दुपट्याबाहेर आले होते. त्याने ते झाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मावशींच्या घरी गेला आणि बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. मावशींनी चहाचा कप उचलला.

"त्या नमुन्याला मंजुरी दिली, त्यावर सही कुणाची?"

"समितीची. पहिली तुमचीच."

"वाचून केली होती मी?"

"तीन दिवस ठेवून घेतला होता तुम्ही कागद."

"बघा म्हणजे. लिहिलेलं मी वाचते, कितीही वेळ लागो. काढून टाकलेलं कसं वाचायचं, ते नाही मला कुणी शिकवलं." त्यांनी कप खाली ठेवला. "बैठकीत तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगतो."

मग तो आणि चार नर्सबाया आठ दिवस खपले. नर्सबायांच्या स्वतःच्या डायऱ्यांत कुणाची पट्टी बदलली, कुणाला सुई टोचली, ते लिहिलेलं होतं. त्यावरून खऱ्या भेटी वेगळ्या काढल्या. वर्षाच्या तेवीस हजार भेटींपैकी दार उघडलं होतं चौदा हजार तीस वेळा.

बैठकीच्या आदल्या दिवशी पक्षाचे गटनेते मावशींकडे आले. "शंभर टक्क्यांचे फलक लागलेत गावभर, तुमच्या फोटोसकट. रकाना पुढच्या वर्षीपासून गुपचूप वाढवू. कुणाला काय कळतंय?"

"शिंपी आजोबांना कळलंय," मावशी म्हणाल्या. "फलक उतरवायला शिडी हवी असेल तर माझ्या घरी आहे."

बैठकीत लेखनिक उभा राहिला. तेवीस वर्षं या खोलीत तो दुसऱ्यांचं बोलणं लिहीत आला होता, स्वतः उभा राहून कधी बोलला नव्हता. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि न बघता सांगितलं. रकाने कसे दोन होते, एक कसा केला, कुणी केला. "मी केला," एवढं म्हणताना मात्र त्याचा आवाज स्वच्छ आला.

विरोधी बाकावरचे वकील तयारच होते. "म्हणजे अध्यक्षबाईंना वाचता येत नाही, असं समजायचं का?"

"हळू येतं, वकीलसाहेब. तुम्हाला भरभर येतं. त्या कागदावर तिसरी सही तुमची आहे."

खोलीत हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत.

"चूक यांनी केली, ती आपण सगळ्यांनी मंजूर केली. आजोबांची माफी मी कालच मागून आले. तुम्हालाही वेळ असेल तर जा, दार उघडायला आठ मिनिटं लागतात. आता पुढचं. दोन्ही रकाने परत हवेत. आणि नर्सने दारात दहा मिनिटं थांबायचं."

नर्स मागून म्हणाली, "मग बावीस घरं होणार नाहीत, मावशी."

"चौदा कर."

आरोग्य अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आकडा किती खाली येईल!"

"येऊ द्या. खरा असला म्हणजे पुरे. जास्त माणसं हवीत म्हणून वर मागायला तोच उपयोगी पडेल. शंभर टक्केवाल्याला कोण देतंय माणसं?"

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. ते मत वकिलांचं होतं. मावशींच्या स्वतःच्या पक्षातले दोघे गैरहजर राहिले होते.

त्या वर्षीच्या अहवालात एकसष्ट टक्के छापलं गेलं. दीड वर्षाने तीन नर्स नव्या मिळाल्या आणि आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला. त्याच्यावर तो कधी गेला नाही, आणि तो खोटा आहे असंही कुणी म्हणू शकलं नाही. लेखनिकाच्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. ती घेऊनच तो निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी ती गोष्ट टाळून भाषण केलं. मावशी मात्र उठून म्हणाल्या, "चूक केल्यावर पकडायच्या आधी उभा राहिलेला एवढा एकच माणूस मी या इमारतीत बघितला." लेखनिकाची बायको पहिल्या रांगेत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं की धूळ गेली.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने मावशींना उमेदवारी दिली नाही. अपक्ष उभं राहा म्हणून वॉर्डातली माणसं घरी आली. त्यांना चहा देऊन मावशींनी परत पाठवलं. शिंपी आजोबा त्यानंतर तीन वर्षं आपल्या पायांवर चालले आणि झोपेत गेले.

मावशी त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या बावीस तारखेला, गुरुवारी सकाळी साडेनऊला वारल्या. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.