उतईपासून कावूनपर्यंत

२००६ साल होतं. छत्तीसगढ हे नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिकडे तिकडे रस्ते होत होते. दुर्गजवळच्या उतईबाहेर एक पांदण होती. वीटभट्टीजवळून जायची, तळ्याला वळसा घालायची आणि कालव्यापाशी संपायची. तिचाही डांबरी रस्ता झाला. राज्य मार्ग म्हणे! उद्घाटनाच्या गाड्यांनीच निम्मा भरला.

मी तेव्हाही शहरात हुडको वसाहतीतच राहायची. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, धोंडबा कारखान्यातून रिटायर होऊन कालव्यापाशी घर बांधून होते. दहापाच घरं, सगळी भंडाऱ्याकडची. सासरे देवाजी तिथं सगळ्यांत आधी आले. पांदणीला जमीनही त्यांनीच सोडली. सरकारदरबारी वस्तीला नावच नव्हतं. पाटीवर ‘देवाजीटोला’, म्हणजे देवाजीची वाडी, असं लागावं, एवढीच भासऱ्यांची इच्छा.

पाट्या लावणारा शालिकराम नाव विचारायला आला, तो छत्तीसगढी माणूस. नेमकी त्याच सकाळी कुंपणावर कुणी चुन्याची रेघ ओढून गेलं होतं. घर पाडायला आले असं वाटून भासरे काठी घेऊनच बाहेर आले.

“बबा, ए बस्ती के नाँव का हे?”

“कावून?” म्हणजे ‘कशाला?’ आम्ही विदर्भातले असंच विचारतो.

“कावून?”

“हो, कावून! कावून म्हणून विचारून राहिलो मी!”

“ठीक हे बबा, झन चिल्ला. लिख डारेंव.” ओरडू नका, लिहून टाकलं, म्हणाला.

आठवड्यात पाटी लागली. निळ्यावर पांढरं, ठसठशीत: कावून.

“बापाचं नाव राह्यलं बाजूले, अन् माहा सवाल लागला!” भासरे चडफडले. जाऊबाई सुशीला हसू आवरायला स्वयंपाकघरात पळाल्या. पुढं मिनीबस सुरू झाली, तिचा कंडक्टर “चलो, कावूनवाले!” ओरडायचा. जाऊबाईंच्या भाच्यानं, अभिनवनं, नागपूरहून फोन केला.

“मावशी, उतरू कुठं?”

“कावूनले.”

“तुमच्या घरी यायचं म्हणून! येऊ नको का?”

नाव बदलून घ्यायला भासऱ्यांनी दुर्गच्या कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी एक साहेब जीप घेऊन आले. मी तिथंच होते. भासऱ्यांची नात भूमिका पाटीखाली बसची वाट पाहत होती. दुर्गला नर्सिंग शिकायची.

साहेब म्हणाले, “देवाजीटोला तो हमारे यहाँ दर्ज ही नहीं है. कावून गलत है तो पाटी निकाल देते हैं. फिर स्टॉप भी नहीं रहेगा, बस तळ्यावरूनच परत.” तेही मूळचे आमच्याकडचेच असावेत, शेवट मराठीत गेला.

भासऱ्यांनी पाटीकडे पाहिलं, मग नातीकडे.

“बरोबर हाये साहेब. कावूनच. जुनं गाव हाये.”

“वसवलं कुणी?”

“माह्या बापानं. देवाजीनं. हे मात्र लिहून घ्या.”

“आणि नावाचा अर्थ?” साहेबांनी मिशीत हसत विचारलं.

“थो देवाजीलेच ठाऊक.”

साहेबांनी लिहून घेतलं. पुढं पाटीवर ‘कावून’खाली बारीक अक्षरांत ‘संस्थापक: देवाजी’ आलं.

भासरे २०१४ साली गेले. त्याआधी गावाच्या नावावर त्यांनी एक लांबलचक दंतकथाही रचली होती. शाळेतली पोरं ती अजून सांगतात. जाऊबाई दुर्गला मुलाकडे आहेत, ऐकू कमी येतं. शालिकरामनं रिटायर होऊन उतईत चहाचं दुकान टाकलं. अभिनवनं गाडी घेतली. भूमिका रायपूरच्या दवाखान्यात सिस्टर आहे, दिवाळीला येताना माझ्यासाठी गुडघ्याचं मलम आणते.