रविवारची साक्ष

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे साक्षीभाऊ म्हणायचे. पेशाने तो प्लंबर. लोकांचे गळके नळ चुटकीसरशी बंद करायचा, पण रविवारी उपासनेत स्वतः सुरू झाला की थांबायचं नाव नसे. प्रभूने आपल्याला दारूतून कसं सोडवलं, ही त्याची साक्ष लोकांना तोंडपाठ होती. बायकोचं शिवणयंत्र विकून प्यायलो, इथे बायका डोळे पुसायच्या. गटाराला पलंग समजून झोपलो, इथे पोरं खिदळायची. शेवटी ‘आज मी स्वतंत्र आहे!’ म्हटलं की टाळ्यांचा कडकडाट. त्यात खोटं काही नव्हतं, बरं का. बायको दवाखान्यात वारली तेव्हापासून त्याने थेंबभरही घेतली नव्हती.

त्याची मुलगी मात्र टाळ्या वाजवत नसे. लाजरी आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. सोयीच्या समजुती माणसाला लवकर पटतात.

त्या शनिवारी ती बॅग भरत होती. दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. सुट्टीत येशील ना, असं त्याने विचारलं, तर ती नुसतं ‘बघू’ म्हणाली. एकुलती एक पोर कायमची चालली होती, आणि तिला थांबवायला आजचीच संध्याकाळ हातात होती.

तो खोलीच्या दारात उभा राहिला, घसा खाकरला. “बाळ, मी फार वाईट वागलो. अंधारात चाचपडत होतो. तुझ्या आईचं शिवणयंत्रसुद्धा...”

“बाबा, ही रविवारची झाली.” तिने वर न बघता स्वेटरची घडी घातली. “ती मला पाठ आहे.”

माणसांनी भरलेल्या सभागृहात घडाघडा बोलणारा गडी पोटच्या पोरीपुढे घामाघूम झाला.

“तू गुत्त्यावर आली होतीस,” तो शेवटी म्हणाला. “आई दवाखान्यात वाट बघतेय, चला म्हणालीस. दोस्तांनी विचारलं, कोण रे ही पोर? मी म्हणालो, काय माहीत, मी नाही ओळखत. सगळे हसले. मीपण हसलो. तू एकटीच परत गेलीस.”

मुलगी खाटेवर बसली. “तुम्हाला आठवतं?”

“रोज.”

“मला वाटायचं, तुम्ही शुद्धीत नव्हतात. आठवत नसेल, म्हणून सांगत नसाल. तेवढ्याच आधारावर मी या घरात राहिले, बाबा. आठवत असून सांगितलं नाहीत?”

काहीतरी सारवासारव करायचा मोह त्याला झाला. पण आता लपवून तरी काय मिळणार होतं?

“त्यावर टाळ्या पडल्या नसत्या,” तो म्हणाला.

एवढं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि एवढं लागेल असंही.

“मला माफ करशील?”

“माफ करणाराही मोकळा होतो म्हणे. मलाही व्हायचंय मोकळं.” तिने बॅगेची चेन ओढली. “पण आज नाही जमत, बाबा. सकाळी सोडायला येऊ नका.”

“बरं.”

सकाळी ती गेली. तो उपासनेला आला. पाळकांनी नेहमीसारखी हाक मारली, “साक्षीभाऊ, या! आज नवे पाहुणे आलेत.”

“आज नको,” तो म्हणाला. लोकांनी आग्रह केला, मागून कुणीतरी ‘भाव खातोय’ म्हणून हसलंही. तो उठला नाही. प्रभूने ज्या दिवशी सोडवलं, त्या दिवशी इथे उभं राहण्याआधी घरी जायला हवं होतं. तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. कुशीत शिरली असती.