कचरू मिस्त्रींचे कान

चिखलीत कचरू मिस्त्रींचं नाव होतं ते त्यांच्या कानांमुळे. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि नुसतं ऐकून दुखणं सांगायचं. दिवाळीपासून मात्र त्याच कानांनी दगा दिला होता, आणि मिस्त्रींनी ते बायकोपासूनही लपवलं होतं. हाकेला ओ देत नाहीत म्हणून लोक त्यांना शिष्ट म्हणू लागले, तेही त्यांनी चालवून घेतलं. उकंडरावांना त्यांचं गॅरेज बॅटरीच्या दुकानासाठी हवं होतं. जबाब आज द्यायचा होता, आणि मिस्त्री मनातून 'हो'वर आले होते.

अशात सुचिता आपली व्हॅन आचके देत घेऊन आली. शेगावला भाविकांची ने-आण करून तिचं घर चालायचं. इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला होता.

"काका, दुसऱ्या गॅरेजवाल्यानं मशीन लावून पाह्यली. तीन नंबरचं इंजेक्टर खराब म्हणे. नवीन टाकलं, तरी तेच!"

मिस्त्रींना निम्मं ओठांवरून कळलं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारं इवलं नळकांडं. धड असलं की टिकटिक करतं. चालू इंजिनावर त्यांनी पेचकस एकेकावर टेकवला. चारही मुकी. पण चारही बंद असती तर इंजिन चाललंच नसतं. बंद नेमकं काय पडलंय, हे मिस्त्रींना पुरतं उमगलं. तरी माणसाची खोड बघा, पेचकस चौथ्यावर ठेवूनच ते ऐटीत म्हणाले, "चार नंबर गेलं."

"चार? मशीन तर तीन म्हणते न, काका!"

मिस्त्री ओशाळले. आपली अब्रू झाकायला या पोरीला आणखी एका इंजेक्टरच्या खर्चात घालायचं? त्यांनी मुठीवरून कान काढला, टोक चौथ्यावरच राहिलं, आणि तळव्यात काहीतरी बारीक ठोके देऊ लागलं. आत्ताच मेलं म्हणून सांगितलेलं चार नंबर खुशाल काम करत होतं.

त्यांनी डोळे मिटले. एक नंबर, ठोके. दोन नंबर, ठोके. तीनवर ठोका नाही.

"चुकलो, पोरी. तीनच हाय," ते म्हणाले. त्यांनी तीन नंबर इंजेक्टरच्या वायरचा प्लग काढून त्यात चाचणीचा बारका दिवा खोचला. तो लुकलुकायला हवा होता, ढिम्म राहिला.

"इंजेक्टर चांगलं हाय. त्याच्यापर्यंत करंटच पोचून नाही राह्यला."

मग बोटांनीच वायर चाचपत ते इंजिनाच्या मागे गेले. एका पत्र्याच्या धारेला घासून वायरचं आवरण फाटलं होतं, आतलं तांबं हिरवं पडून तुटलं होतं. त्यांनी सडका तुकडा कापला, नवा जोडून कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी चढवली. चाचणीचा दिवा लुकलुकला. प्लग जागेवर बसताच इंजिनाचे आचके थांबले. मिस्त्रींनी पेचकस पुन्हा फिरवला, चारही ठोके तळव्यावर मोजले, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

खिशात फोन थरथरला. उकंडराव. मिस्त्रींनी तो सुचितापुढे धरला.

"तूच बोल. मले ऐकू येत नाही."

कितीतरी महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. सुचिता त्यांच्यासमोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "काय सांगू, काका?"

"सांग, मिस्त्री बहिरा झाला. अन् गॅरेज द्यायचं नाही."

तिनं ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की रस्त्यापलीकडच्या रसवंतीतली माणसंही वळून बघू लागली. मिस्त्रींनी तिला जराही अडवलं नाही.