काळीचं फाटक

कुत्री कुणाची, असं त्या मुलीने विचारलं, तेव्हा कमळने खरं तेच सांगितलं आणि तिथेच ती फसली.

"कुणाची न्हाय बाय. मिठागराची हाय."

उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रेलरने काळीचा मागचा पाय चिरडला होता. कमळ रस्त्याच्या कडेला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुणीतरी फोन लावला, उलव्याहून मृणाल नावाची मुलगी गाडी घेऊन आली आणि काळीला चादरीत गुंडाळून घेऊन गेली.

मिठागरावरचं कुत्रं तिथे राबणाऱ्या सगळ्यांचं असतं. ते चार घरी जेवतं आणि पाचव्या घराच्या ओट्यावर झोपतं. माझं म्हणून कुणी त्याच्या गळ्यात पट्टा बांधत नाही. कमळने तीस वर्षं मीठ ओढलं होतं, तिला दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं. पुढे मिठागरावर भराव पडला, बायका पांगल्या. नवरा गेला. तेव्हापासून काळी रोज कमळच्याच दारात येऊन बसायची. पण मृणालच्या कागदावर तिची नोंद बेवारस म्हणून झाली.

दोन महिन्यांनी काळी तीन पायांवर चालायला लागल्याचं कळलं. कमळने फोन केला. "कधी आणून सोडतेस?"

"काकू, आता तुम्हाला तिला दत्तक घ्यावं लागेल. फॉर्म पाठवते."

"माझीच कुत्री मी दत्तक घेऊ?"

"तुम्हीच म्हणालात ना, तुमची नाही म्हणून?"

मृणालच्या संस्थेकडे ना पिंजरे होते, ना जागा. उचलून आणलेलं प्रत्येक जनावर कुणा सभासदाच्या घरी राहायचं आणि नीट घर मिळालं की तिकडे जायचं. काळी मृणालच्याच घरी होती, सातव्या मजल्यावर. तिचं नाव आता मोका होतं.

फॉर्मात एकतीस प्रश्न होते. कुत्री रात्री कुठे झोपेल? गावाला गेलात तर कोण बघेल? नात्यात नसलेल्या दोन ओळखीच्या माणसांची नावं द्या. इथे कमळने कपाळाला हात लावला. अख्खं गाव एका भावकीचं. नात्यात नसलेला माणूस आणायचा कुठून? शेवटी एक नाव रेशनच्या दुकानदाराचं दिलं आणि दुसरं दवाखान्यातल्या नर्सचं. नर्स फोनवर म्हणाली, "कमळबाय चांगली हाय, पण गोळ्या वेळेवर घेत नाय." त्यावरून मृणालने आणखी चार प्रश्न विचारले.

मग ती घर बघायला आली. घर आवडलं, ओटा आवडला. अंगणात मात्र ती थबकली.

"काकू, फाटक कुठंय?"

फाटक नव्हतंच. कमळचं घर आत, दीर चंदरचं रस्त्याच्या बाजूला, आणि दोघांत मिळून एक अंगण. रस्त्याच्या तोंडाला फाटक लावावं, तर चंदरचा बर्फाचा टेम्पो दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करायचा, ते कायम उघडंच राहिलं असतं.

"मग मध्ये लावा," मृणाल म्हणाली. "पाच फूट उंच, बारीक जाळीचं. त्याशिवाय मला देता येणार नाही."

या गावात दोन भावांच्या अंगणात मधे काही उभं राहिलं, की त्याचा अर्थ एकच, वाटणी झाली. कुंपणासाठी कुणी कुत्र्याचं कारण सांगितलं, तर लोक तोंडावर मान हलवतात आणि पाठीमागे हसतात.

तरी तिने चंदरला सांगून बघितलं. तो जेवता जेवता उठला.

"दादाला जाऊन वरीस नाय झालं, वैनी. वेगळं निघायचं तर सरळ सांग. उद्या गणपतीपण दोन आणू."

"अरे, कुत्रीसाठी रे!"

"कुत्रीसाठी कुनी घर फोडतं?"

त्याची बायको नलू आतून म्हणाली, "जाऊबाय, मांजर पाळा. मांजराला फाटक नाय लागत."

कमळ तणतणत घरी आली आणि तिने मृणालला फोन लावला. "तुला ठाव हाय का, आमच्यात फाटक म्हंजे काय ते? सातव्या मजल्यावर राहतेस, तुला अंगण म्हंजे काय कळणार?"

मृणालने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, गेल्या वर्षी मी एक पिल्लू सांभाळलं होतं, बाटलीने दूध पाजून. तुमच्यासारख्याच चांगल्या बाईंकडे दिलं. फाटक नव्हतं, मी तो आग्रह सोडून दिला. नवव्या दिवशी ते ट्रेलरखाली गेलं. आता मी सोडत नाही. रविवारपर्यंत सांगा, कामोठ्याचं एक कुटुंब विचारतंय."

भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही पोरीने. कमळला चंदरचा आणि मृणालचा सारखाच राग आला, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते म्हणून जास्तच.

शनिवारी सकाळी ती चंदरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"फाटक तू लाव."

"मी?"

"व्हय, तू. मी लावलं तर वैनी वेगळी निघाली म्हणतील. तू हाताने लावलंस, तर वैनीला फाटक करून दिलं म्हणतील. जाळी मी आणलीय. पहार घे."

चंदरने तिच्याकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं. "दादाला पन असंच कामाला लावायचीस," म्हणाला आणि पहार घेऊन आला. दिवसभर तो कुरकुरत होता. खड्डा वाकडा गेला, त्याला कमळ जबाबदार. बिजागरी कुरकुरली, तिला पण कमळच. भावकीतली माणसं येऊन बघून गेली. चंदर प्रत्येकाला न विचारता सांगत होता, "वैनीच्या कुत्रीचं हाय. मीच लावतोय."

रविवारी मृणाल काळीला घेऊन आली. फाटक हलवून बघितलं, जाळीला बोट लावलं. "कडी बाहेरच्या बाजूला का?"

कमळने चमकून बघितलं. खरंच, कडी चंदरच्या अंगाला होती.

"कुत्रीला उघडता येऊ नये म्हनून," चंदर गंभीरपणे म्हणाला.

मृणालला हे फारच पटलं. तिने सही घेतली, काळीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली आणि डोळे पुसत गेली. तिच्यामागून चंदर बाहेर पडला आणि त्याने कडी लावली. काळी तीन पायांवर सगळं अंगण हुंगून आली आणि ओट्यावर आडवी झाली.

कमळने फाटकाला हात घातला. पाच फुटांवरून हात पोचेना, जाळीतून बोट जाईना.

"कडी या बाजूला फिरव, चंदर. मला दुकानात जायचंय."

"फिरवनार नाय. भाईर जायचं तर मला हाक मारायची. वेगळं निघायचं नव्हतं ना?"

"अरे मेल्या, दिवसातून किती वेळा हाक मारू?"

"जितक्या वेळा जाशील तितक्या." तो आपल्या घरात चहा प्यायला निघून गेला.

कमळ फाटकाशी उभी राहिली. आत कपबशीचा आवाज येत होता. नलू काहीतरी बोलून हसत होती. काळीही येऊन तिच्या पायाशी बसली.

"चंदर! ए चंदर! कडी काढ!"

"चहा गरम हाय, वैनी. थांब जरा."